पिंपाचं पांघरूण

वापरलेल्या खाद्यतेलाचं इंधन करण्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात रसायनाचा भाग हमखास असतो. मिथेनॉल किती घालायचं, कॉस्टिक किती, ढवळायचं किती वेळ, ग्लिसरीन वेगळं झालं हे ओळखायचं कसं. ही माहिती आता सहज मिळते आणि बहुतेक वेळा बरोबर मिळते. तापवण्याचा निकाल मात्र एका ओळीत लागलेला असतो: तेल साठ अंशांपर्यंत तापवून घ्यावं. ते कशानं तापवावं, कुठल्या बाजूनं तापवावं, तापल्यावर तसंच राखावं कसं, पिंपाभोवती काय गुंडाळावं आणि काय चुकूनही गुंडाळू नये, याबद्दल लिहिणारा गप्प. जणू हे कुणालाही येतंच. पुढची पानं त्या एका ओळीबद्दल आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या कामात आच देणं कुणालाही जमतं. वेळेवर आच बंद करून पुढचं काम साठलेल्या उष्णतेकडून करून घेणं फार थोड्यांना जमतं. ते जमतं पिंपाभोवतीच्या पांघरुणामुळे. म्हणून उष्णतारोधक आवरण ही शेवटी, पैसे उरले तर करायची गोष्ट आहे असं मी मानत नाही. पिंप, व्हॉल्व्ह आणि तापमापक यांच्याबरोबर ते पहिल्याच यादीत हवं.

आधी हद्द ठरवू. ‘टाकाऊ तेल’ म्हटलं की गॅरेजमधलं काळं इंजिन ऑइलही डोळ्यांपुढे येतं. ते या पुस्तिकेत नाही. त्यापासून डिझेलसारखं काही काढायचं तर तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं, तिथे त्याचे रेणू तुटायला लागतात, पेट घेणारे वायू सुटतात आणि मागे उरलेल्या गाळात इंजिनातले धातू राहतात. भारतात वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते हाताळायला अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणारेच हवेत. पिंपाखाली लाकडं पेटवून काळ्या तेलाचं ‘डिझेल’ काढून दाखवणारे कारागीर असतात, आणि त्यांचं कौतुकही होतं. मला ते कौतुक वाटत नाही. आपला विषय तळणीचं तेल: फरसाणाचे कारखाने, वड्याच्या गाड्या, खानावळी, हॉटेलांची स्वयंपाकघरं यांतून निघालेलं. त्याला लागणारं तापमान ६० अंशांच्या आसपासचं आहे. आंघोळीच्या पाण्याहून बरंच जास्त, पण उकळत्या पाण्याहून खूप कमी, एवढंच.

वनस्पती तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. नंतर खनिज डिझेल स्वस्त झालं, इंजिनं त्या पातळ तेलाला साजेशी घडत गेली आणि शेंगदाणा चटणीपुरता उरला. अडचण होती दाटपणाची. ४० अंशांना वनस्पती तेलाची श्यानता साधारण ३५ ते ४० एकक भरते, डिझेलची २ ते ४.५. म्हणजे दहापटीच्या घरात फरक. यावर दोन उपाय: तेल गरम करून पातळ करा, किंवा त्याची रासायनिक घडण बदला. दुसऱ्या उपायाचं एक पेटंट बेल्जियममध्ये १९३७ साली निघालं, पाम तेलापासून एस्टर करण्याचं. आज आपण ज्याला बायोडिझेल म्हणतो ते हेच.

तळणीच्या जुन्या तेलाकडे सामान्य माणसाचं लक्ष गेलं ते खूप नंतर. अमेरिकेत १९९७ साली जोशुआ टिकेल नावाच्या तरुणानं जुन्या तळणीच्या तेलाच्या इंधनावर गाडी चालवत देशभर दौरा केला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये तर हा प्रकार पोलिसांपर्यंत गेला. २००२ साली वेल्समधल्या लानेली या गावात लोक इंधनकर चुकवून मोटारीत खाद्यतेल ओतताहेत असं लक्षात आलं, आणि गाड्यांच्या धुराला चिप्सच्या तळणीचा वास येतो का हे हुंगत तपासणी करणारी पथकं रस्त्यावर आली. पुढे २००७ पासून तिथल्या सरकारनं वर्षाला २,५०० लिटरपर्यंत स्वतःपुरतं असं इंधन करणाऱ्यांना कर माफ केला. त्या आकड्यानं एक जमात तयार केली. घरामागच्या छपरीत दोन-तीन पिंपं, एक पंप, भिंतीवर वेळापत्रक. वेल्समधला आणि स्कॉटलंडमधला हिवाळा असा की तिथे पिंप गुंडाळल्यावाचून काही होतच नाही; त्यामुळे आवरणाचं ज्ञान तिथे नाइलाजानं वाढलं.

अमेरिकनांनी वेगळी वाट काढली. तिथल्या घरांत पाणी तापवायला दीडशे-दोनशे लिटरच्या उभ्या टाक्या असतात. जुन्या झाल्या की त्या टाकून दिल्या जातात. आत पोलादी टाकी, तिला बसवलेली कॉइल, थर्मोस्टॅट, बाहेर फोमचं जाड आवरण, त्यावर पत्रा. कुणाच्या तरी लक्षात आलं की हे तर आयतंच यंत्र आहे. पंप जोडला की झालं. ‘ऍपलसीड’ या नावानं तो आराखडा जगभर गेला, आणि फुकट गेला. त्याची खरी करामत पंपात किंवा नळजोडणीत नाही, कारखान्यानं आधीच घालून दिलेल्या आवरणात आहे. आपल्याकडे घरातला गीझर पंधरा-पंचवीस लिटरचा. त्यात ही युक्ती बसत नाही. आपल्याला पिंपच वापरावं लागतं आणि त्याला पांघरूण आपणच शिवावं लागतं.

पिंपाबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण त्याची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून १८९० मध्ये गाजलेली अमेरिकन पत्रकार नेली ब्लाय पुढे एका कारखानदाराशी लग्न करून त्याच्या पत्र्याच्या वस्तूंच्या कारखान्याची मालकीण झाली. युरोपात तिनं ग्लिसरीन भरलेली पोलादी पिंपं पाहिली आणि तसं काही अमेरिकेत करायचं ठरवलं, असं ती सांगत असे. तिच्या कारखान्यातल्या हेन्री वेर्हान यानं काढलेल्या पोलादी पिंपाचं पेटंट १९०५ साली तिच्या नावावर झालं. कारखाना पुढे दिवाळखोरीत गेला, पिंप टिकलं. आज आपण ज्या पिंपात तेलाचं इंधन करतो, त्याच्या तळाशी शेवटी साचतं ते ग्लिसरीनच. हा योगायोग मला फार आवडतो, पण त्याचा उपयोग काही नाही.

उपयोगाच्या गोष्टी अशा. बंद झाकणाच्या पिंपाला वरच्या बाजूला कडेशी दोन बुचं असतात, एक मोठं, एक छोटं. पिंप उलटं करून किंचित तिरकं ठेवलं की मोठं बूच सगळ्यात खालचा बिंदू होतं, आणि गाळ, पाणी, ग्लिसरीन तिथून काढता येतं. तळाला भोक पाडून नळ बसवण्यापेक्षा हे बरं. पिंप आधी कशाचं होतं हे कळल्याशिवाय त्यावर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपात सॉल्व्हंटची वाफ राहते आणि ठिणगीसरशी झाकण उडतं. अशा अपघातांत माणसं गेली आहेत. निळं प्लॅस्टिकचं पिंप तेल साठवायला चांगलं, तापवायला नाही: साठ-सत्तर अंशांना ते मऊ पडून पोट काढतं, आणि आतला तापता रॉड त्याच्या भिंतीला टेकला तर पुढचं सांगायला नको. आणखी एक, जे पहिल्यांदा पिंप भरताना हटकून विसरलं जातं. तेल तापलं की फुगतं. दोनशे लिटर तेल ४० अंशांनी तापवलं की ते साडेपाच लिटरच्या आसपास वाढतं. म्हणून पिंपात दीडशे लिटरच घ्यावं. पुढचे सगळे हिशेब तेवढ्याचेच आहेत.

आता पाणी. या विषयातला खरा शत्रू तोच, आणि तो तेलाबरोबर फुकट येतो. बटाटा, भजी, वडा तळताना निघालेलं, भांडी धुताना पडलेलं, पावसात उघड्या डब्यात शिरलेलं. पाणी राहिलं की कॉस्टिकबरोबर साबण होतो, ग्लिसरीन नीट सुटत नाही आणि पिंपभर गिळगिळीत काहीतरी तयार होतं, जे ना इंधन ना साबण. पाणी काढायची लोकांना सुचणारी पद्धत म्हणजे तेल शंभराच्या वर नेऊन उकळून टाकणं. हिशेब मांडून पाहू. दीडशे लिटर तेलाचं वजन सुमारे १३७ किलो. तेलाला तापायला पाण्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता लागते. त्यामुळे २५ वरून ६० अंशांवर ते न्यायला साधारण २.७ युनिट वीज पुरते. त्यात तीन टक्के पाणी असेल, म्हणजे साडेचार लिटर, तर तेवढ्या पाण्याची वाफ करायला एकट्यालाच तीन युनिटांच्या वर लागतात, आणि तेल शंभरावर न्यायचे आणखी साडेपाच-सहा. म्हणजे उकळून टाकायची किंमत ९ युनिटांच्या घरात. शिवाय धोका वेगळा. कढईत ओला हात झटकला की काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे. इथे पाण्याचा थेंब नसतो, तळाशी लिटर-दोन लिटरचा थर असतो, वरून शे-सव्वाशे किलो तेलानं दाबलेला. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर होते. ती एकदम सुटली तर तेल छपराला लागतं, आणि खाली जाळ असेल तर ते जाळावर पडतं.

दुसरी पद्धत कंटाळवाणी आहे आणि तीच बरोबर आहे. तेल साठ अंशांपर्यंत तापवायचं, आच पूर्ण बंद करायची, आणि रात्रभर हात न लावता ठेवायचं. साठ अंशांना तेल खोलीच्या तापमानापेक्षा साधारण तिपटीनं पातळ असतं, म्हणून त्यातले पाण्याचे थेंब आणि पिठाचे कण तितक्याच पटीनं लवकर खाली उतरतात. सकाळी बूच उघडून आधी पाणी, मग साका, मग स्वच्छ तेल. उरलेला अंश तेल पंपानं फिरवून, वरून फवारून वाळवता येतो. ते वेगळ्या प्रकरणात आहे.

इथे पांघरुणाचं महत्त्व कळतं. उघडं पिंप रात्रभर तापलेलं राहत नाही, म्हणून लोक आच मंद करून चालू ठेवतात. आच खालून किंवा मधून मिळत असली की गरम तेल वर चढतं, भिंतीशी गार होऊन खाली येतं, आणि पिंपात सतत एक संथ फेरा चालू राहतो. तो फेरा बसत आलेला साका पुन्हा उचलतो. तापमान राखलंत आणि बसणं बिघडवलंत. आवरण नीट असेल तर तेल सगळीकडून सारखंच, फार हळू निवतं. फेरा जवळजवळ थांबतो. पाणी खाली जायला आतली शांतता लागते आणि ती शेगडी कितीही मंद केली तरी मिळत नाही.

किती फरक पडतो हे आकड्यांत सांगतो, कारण ‘थोडाफार वाचतं’ अशा बोलण्यानं कुणी रॉकवूल, म्हणजे खनिज लोकर, विकत घेत नाही. दोनशे लिटरच्या पिंपाचा झाकण-तळासकट पृष्ठभाग २.१ चौरस मीटर धरा. आत ६०, बाहेर २५ अंश. उघड्या रंगवलेल्या पिंपातून वारा नसतानाही ७०० वॉटच्या वर उष्णता सतत निघून जाते. एक इंच खनिज लोकर गुंडाळली की हा आकडा शंभरावर येतो. दोन इंचांना पन्नास-पंचावन्न. चार इंचांना तीसच्या आत. पहिला इंच सगळ्यात मोठा वाटा उचलतो, दुसरा निम्मा फरक पाडतो, आणि त्यापुढे पैसा जास्त व लाभ कमी. आमची शिफारस दोन इंचांची.

या आकड्यांची एक गंमत आहे. कुणी आवरण घालून पाहतो आणि फक्त तेल तापायला किती वेळ लागला हे मोजतो. दोन किलोवॉटचा रॉड असेल तर उघड्या पिंपाला शंभर मिनिटं लागतात, गुंडाळलेल्याला ऐंशी. वीस मिनिटांसाठी एवढा खटाटोप? असं म्हणून तो लोकर काढून टाकतो. त्यानं मोजायचं होतं सकाळचं तापमान. रात्री साठ अंशांवर सोडलेलं तेल आठ तासांनी उघड्या पिंपात तिसाच्या खाली येतं, म्हणजे कोमटही नाही. दोन इंच आवरणात ते पंचावन्नच्या आसपास असतं. आणि ज्याला चोवीस तास साठ अंश राखायचेत त्याचा उघड्या पिंपाचा खर्च १८ युनिट, गुंडाळलेल्याचा सव्वा.

उष्णता कोंडून काम करून घेण्याची ही समज महाराष्ट्राला परकी नाही. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ऍप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं केलेल्या सराई कुकरमध्ये शंभर ग्रॅम कोळशावर एका कुटुंबाचा भात-वरण-भाजी शिजते, ती आतल्या आणि बाहेरच्या भांड्यांमधल्या मोकळ्या जागेच्या जोरावर. ज्यानं तो कुकर वापरला आहे त्याला या पुस्तिकेचा अर्धा भाग समजावून सांगावा लागत नाही.

तापवायचं कशानं, यावर मतं असतात आणि माझंही आहे. पिंपाखाली थेट जाळ मला मान्य नाही. जाळ तळाला लागतो, तळाशीच पाणी आणि साका असतो. साका करपतो, पाणी उसळतं. विजेचा रॉड बरा, पण पाण्यासाठी बनवलेला रॉड तेलात घालताना एक गोष्ट लक्षात हवी: पाणी उष्णता झटकन वाहून नेतं, तेल नेत नाही. रॉडच्या अंगाला लागून असलेलं तेल जळतं, कोळशाचं पुट चढतं, पुटाखाली रॉड आणखी तापतो आणि शेवटी फुटतो. यावर वर्कशॉपमधला जुना तोडगा आहे. दोन सारखे रॉड घेऊन एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायचे. दोन किलोवॉटचे दोन रॉड मिळून एकच किलोवॉट देतात, प्रत्येकावर चौथा हिस्सा भार, आणि तेल करपत नाही. वेळ दुप्पट लागतो. लागू द्यावा. रॉड पिंपाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, पण तळापासून हातभर नाही तरी वीतभर वर हवा, म्हणजे साक्यात बुडत नाही. आणि तेलाची पातळी रॉडच्या खाली गेली तर वीज तोडणारा तरंगता स्विच हवाच. उघडा पडलेला रॉड लालभडक होतो, आणि वर तेलाची वाफ असते. अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण यांबद्दल वाद घालू नये.

बाहेरून गुंडाळायचे सिलिकॉनचे पट्टे मिळतात. ते चांगले, महाग, आणि त्यांच्यावरून आवरण घालताना पट्टा स्वतःच फार तापणार नाही ना हे बनवणाऱ्याच्या कागदावर पाहून घ्यावं लागतं. मला स्वतःला पटलेली पद्धत म्हणजे पिंपात पोलादी नळीचं वेटोळं आणि त्यातून फिरणारं गरम पाणी. पाणी बंबातून आणा, छपरावरच्या सौर नळ्यांतून आणा, बेकरीच्या भट्टीच्या धुराड्यावर तापवा. उघड्या टाकीतलं पाणी शंभराच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून तेलही जात नाही. थर्मोस्टॅट बिघडला तरी निसर्गानं घातलेली मर्यादा बिघडत नाही. वेटोळं तांब्याचं करायचा मोह होतो, कारण तांबं वळतं छान. तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा तिन्ही टाळावीत. त्यांच्या सहवासात तेल आणि बायोडिझेल दोन्ही लवकर खराब होतात.

आवरणासाठी काय वापरावं याचं प्रकरण पुस्तिकेत सगळ्यात लांब आहे. रॉकवूल किंवा ग्लासवूल, त्यावर जाळी, त्यावर ऍल्युमिनियमचा किंवा जस्ती पत्रा, हा नेहमीचा मार्ग. थर्मोकोल नको: ऐंशी-नव्वद अंशांना तो आक्रसतो, बायोडिझेलचा शिंतोडा पडला की विरघळतो, आणि पेटला तर थेंब थेंब ठिबकत जळतो. भाताचा तूस स्वस्त आणि चांगला रोधक आहे. कोकणात आणि मावळात तो मिळतोही. दोन पत्र्यांच्या मधे तो कोरडा ठासून भरता येतो, पण मग पिंपापासून ठिणगी आणि गळती दूर ठेवायची जबाबदारी दुप्पट होते. गोणपाट गुंडाळणारे मी पाहिले आहेत. त्यांना विनंती की ते आजच काढून टाका.

कारण असं. तेलानं भिजलेलं तंतुमय काहीही, गोणपाट असो, चिंधी असो, अगदी न जळणारी रॉकवूल असो, धोकादायक असतं. तेल तंतूंवर पातळ पसरतं, त्याचा हवेशी प्रचंड मोठा संपर्क येतो, ते हळूहळू ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. मोकळ्यावर ही उष्णता निघून जाते. आवरणाच्या आत ती निघून जात नाही, कारण उष्णता जाऊ न देणं हेच आवरणाचं काम. साठत साठत ती पेट घेण्यापर्यंत जाते, आणि हे तेलाच्या स्वतःच्या पेट घेण्याच्या तापमानापेक्षा फार खाली होऊ शकतं. मोठ्या कारखान्यांत गरम तेलाच्या नळ्यांवरच्या आवरणांना अशा आगी लागतात हे अग्निसुरक्षेच्या लोकांना चांगलं माहीत आहे. म्हणून नियम: बूच, व्हॉल्व्ह, फ्लँज, तापमापकाची जागा यांच्याभोवती आवरण घालायचं नाही. तिथून थोडी उष्णता जाईल ती जाऊ द्यावी. गळती डोळ्यांना दिसली पाहिजे. लोकर तेलकट झाली तर तेवढा तुकडा कापून बाहेर मोकळ्यावर न्यावा आणि नवा घालावा.

पाण्यानं भिजलेली लोकर पेटत नाही, पण निकामी होते. रोधन करते ती लोकर नव्हे, तिच्यात अडकलेली स्थिर हवा. हवेच्या जागी पाणी शिरलं की उष्णता वीसेक पटीनं जास्त सुटते, आणि पत्र्याखाली पिंप गंजत राहतं, बाहेरून काही न दिसता. आपल्या पावसाळ्यात हे व्हायला एक जोड उघडा राहिला तरी पुरतो. पत्र्याचे जोड खालच्या बाजूला तोंड करून घ्यावेत, वरची टोपी छत्रीसारखी कडेबाहेर यावी.

तळाचा प्रश्न सगळे शेवटी काढतात. पिंपाखाली लोकर घातली तर दीडशे किलोच्या भारानं ती चेपून कागद होते. सच्छिद्र सिमेंटच्या हलक्या विटा, ज्यांना गवंडी सिपोरेक्सच्या विटा म्हणतात, त्या इथे उत्तम. लोकरीच्या तुलनेत त्यांचं रोधन कमी आहे, पण त्या भार घेतात. थेट फरशीवर ठेवलेलं पिंप तळाशी कायम गार राहतं, ग्लिसरीन तिथे घट्ट होतं आणि बुचातून निघत नाही.

मिथेनॉलबद्दल वेगळ्या प्रकरणात लिहिलंच आहे, तरी तापवण्याशी त्याचा जो संबंध आहे तो इथे सांगायला हवा. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं. म्हणून ते घालताना तेल पंचावन्नच्या वर नसावं, आणि त्या क्षणी कुठलाही रॉड, पट्टा, जाळ चालू नसावा. पुन्हा तेच: आच बंद असतानाही तासभर तापमान टिकलं पाहिजे. उघड्या पिंपात ते टिकत नाही, मग ‘थोडा वेळ’ रॉड लावला जातो, आणि अपघात त्या थोड्या वेळात होतात. मिथेनॉलची वाफ हवेत ६ ते ३६ टक्के असली की स्फोटक, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. ते पोटात गेलं तर काय होतं हे २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरहून अधिक माणसं दगावली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्याची खरेदी आणि साठा परवान्याचा विषय आहे. ज्यांना ही जबाबदारी नको त्यांनी रसायनाच्या वाटेला न जाता फक्त तेल तापवून, बसवून, गाळून ते योग्य बर्नरमध्ये जाळण्यापर्यंतच थांबावं. त्यासाठी पुस्तिकेचा पहिला अर्धा भाग पुरे. त्यात काही कमीपणा नाही.

ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांतले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचं मुख्य कारण हवामान नसून तेल आहे. तिथे तळणीत बहुतेक मोहरीवर्गीय किंवा सोयाबीनचं तेल; आपल्या बाजारात तळणीला पामोलिन. पामचं तेल लवकर थिजतं. नाशिकच्या किंवा नागपूरच्या डिसेंबरात पहाटे पिंप उघडलं तर वर पिवळट लोण्यासारखा थर असतो, आणि पंप त्यात रिकामाच फिरतो. पामपासून केलेलं बायोडिझेलही बारा-पंधरा अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागतं आणि फिल्टर अडवतं. म्हणून आपल्याकडे तयार इंधनाच्या पिंपालाही हिवाळ्यापुरतं आवरण लागतं, जे वेल्समधल्या माणसाला सहसा सुचणार नाही, कारण त्याच्या गाडीत बहुधा पाम नसतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम देशात १ जुलै २०१८ पासून आहे, आणि त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची मोहीम सुरू केली. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्यांना नोंद ठेवावी लागते आणि जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. हे नियम इंधनाच्या हौसेसाठी नाहीत. काळं झालेलं तेल स्वस्तात विकलं जाऊन पुन्हा एखाद्या कढईत जाऊ नये यासाठी आहेत, आणि म्हणून ते मला पूर्ण मान्य आहेत. तयार बायोडिझेल विकायचं म्हटलं की आय.एस. १५६०७ हे मानक, चाचण्या आणि परवाने आले. पिंपात केलेलं इंधन रस्त्याकडेला विकण्याचा मार्ग या पुस्तिकेत शोधू नये.

शेवटी मापाबद्दल. सगळे आराखडे दोनशे लिटरच्या एका पिंपाचे आहेत. तीन पिंपं एकमेकांना चिकटवून सगळ्यांभोवती एकच आवरण घातलं तर दर लिटरमागे उष्णतेची गळती कमी होते, आणि त्याचा आराखडा परिशिष्टात आहे. पण मोठी टाकी म्हणजे नुसतं मोठं पिंप नव्हे. हजार लिटर तेलात रॉड, वेटोळं, ढवळणं, वाफेची वाट आणि आगीपासूनचं अंतर हे सगळं नव्यानं मांडावं लागतं, तिथे आमचे आकडे वाढवून वापरू नयेत. तिथे ते काम केलेल्या अभियंत्याला बोलवावं, त्याचे पैसे द्यावेत, आणि त्यानं आवरणाची जाडी सांगितली की ती खर्चाच्या यादीतून खोडू नये.